मरायला टेकलेल्या हार्डडिस्कमधून डेटा काढताना

डिस्क टकटक करत असेल तर लगेच बंद करा; बहुधा हेड (डेटा वाचणारा भाग) गेलंय, तिथे सॉफ्टवेअर कामाचं नाही. आवाज नाही, पण फाइल उघडताना अडकते? मग चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) अजिबात चालवू नका, दुरुस्ती करताना ते त्याच डिस्कवर लिहीत बसतं.

लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून थेट कम्प्युटर सुरू होतो) डीडीरेस्क्यू चालवा; ते जुन्या डिस्कची अख्खी प्रत, म्हणजे इमेज, नव्या डिस्कवर फाइल म्हणून काढतं. १ टीबीच्या डिस्कसाठी २ टीबीची रिकामी घ्या. कुठली जुनी, कुठली नवी हे एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये दोनदा बघा. उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल. पहिल्या फेरीत डीडीरेस्क्यूला ‘एन’ पर्याय द्या, म्हणजे चांगला भाग आधी हाती लागतो. मॅपफाइल (किती वाचून झालं याची नोंद) नव्या डिस्कवर हवीच, नाहीतर लाइट गेली की पहिल्यापासून सुरुवात. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये डिस्कवर टेबलफॅन सोडा. मग त्याच मॅपफाइलवर ‘आर३’ने दुसरी फेरी, म्हणजे खराब भाग तीनदा पुन्हा वाचून बघतं. फोटोरेक (हरवलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर) चालवायचं ते इमेजवरच.