बूटलोडरला हात लावताय? या चुका टाळा

रात्री साडेअकराला फोटो येतो. काळा पडदा, त्यावर 'ग्रब रेस्क्यू', आणि खाली प्रश्न: "दादा, लॅपटॉप गेला का?" लॅपटॉपला काही झालेलं नसतं. विंडोजमध्ये बसून लिनक्सचं पार्टिशन उडवलेलं असतं आणि ग्रबचा, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स की विंडोज ते विचारणाऱ्या बूटलोडरचा, अर्धा संसार तिथेच होता. यूईएफआयच्या (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या फर्मवेअरच्या) बूट मेनूत जा, विंडोज बूट मॅनेजर निवडा, आणि झोपा.

दुसरी लाडकी चूक म्हणजे ग्रब.सीएफजी (ग्रबच्या मेनूची फाइल) हाताने बदलणं. फाइलच्या डोक्यावरच लिहिलंय, ही संपादित करू नका. तरी करतात, आणि पुढच्या कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटला केलेलं सगळं पुसलं जातं. बदल एट्सी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये करा. मग डेबियन-उबुंटूवर अपडेट-ग्रब चालवा, इतरत्र ग्रब-एमकेकॉन्फिग. या दुसऱ्याला 'हायफन ओ' देऊन फाइलचा पत्ता सांगितला नाही, तर तो सगळं नुसतं पडद्यावर ओततो, फाइल तशीच राहते. मंडळी ते बघून खूश होतात आणि रीस्टार्ट करतात.

ग्रब बोजड आहे, मान्य. पण "जुना लिलो किती सुटसुटीत होता" असं कुणी म्हणालं की मला २००२ आठवतं. लिलो हा जुन्या काळचा बूटलोडर; त्याला फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, कळायचीच नाही. कर्नल डिस्कच्या कोणत्या सेक्टरवर आहे, एवढंच तो टिपून ठेवायचा. मी हौसेने बूटचं पार्टिशन रिकामं केलं, फॉरमॅट मारला, फाइली जशाच्या तशा परत ठेवल्या. नावं तीच, सेक्टर वेगळे. लिलो पुन्हा चालवायचा राहिला. सकाळी पडद्यावर लिलोच्या नावातली 'एल', 'आय' एवढीच अक्षरं, पुढे काही नाही. रेस्क्यू फ्लॉपी काढली तर तीही वाचेना. मित्राकडे बसने जाऊन दुसरी बनवून आणली, तेव्हा दुपार झाली होती. २०१५ अखेर लिलोचं काम थांबलं. मला फारसं वाईट वाटलं नाही.

आजचा साधा पर्याय सिस्टमडी-बूट. छोट्या टेक्स्ट फाइली, वाचल्या की कळतात; माझ्या डेस्कटॉपवर तोच आहे. पण तो फक्त यूईएफआयवर चालतो आणि कर्नल सहसा ईएफआय पार्टिशनमध्येच (यूईएफआय जिथून बूटलोडर वाचतं तिथे) ठेवावा लागतो. विंडोजने बनवलेलं ते पार्टिशन अनेकदा १०० एमबीचं असतं. दोन कर्नल ठेवले की भरलंच. आधी जागा बघा, मग बदला. दुसऱ्याच्या मशीनवर मी निमूटपणे ग्रबच ठेवतो.

बाकीचं थोडक्यात. टाइमआउट (मेनू किती वेळ थांबतो ते) शून्य करू नका, तीन सेकंदांनी कुणाचं काही बिघडत नाही. मेनूतून विंडोज गायब झालं? ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (इतर सिस्टिम शोधून मेनूत टाकणारा प्रोग्रॅम) मुळात बंद असतो, तो सुरू करा. बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) टाकलीत तर 'नोफेल' लिहा, नाहीतर डिस्क घरी विसरलात त्या दिवशी मशीन ९० सेकंद तिची वाट बघेल आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल.