छोटी बुलेट, तुफान वेग: .२४३ घेऊन हरणाला जाताय? या चुका टाळा

टेक्सासात नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणाचा मुख्य सीझन उघडतो आणि सोमवारपासून एकच तक्रार कानावर येते: "नेम बरोबर लागला होता हो, पण हरीण पळालं. रक्ताचा थेंबही सापडला नाही." रायफल बहुतेक वेळा .२४३ विंचेस्टर असते, कधी .२२-२५०, कधी .२५-०६ (ही काडतुसांची नावं; सुरुवातीचा आकडा साधारण बुलेटच्या व्यासाचा, म्हणजे कॅलिबरचा, इंचांत). मग कोणीतरी अनुभवी माणूस मान हलवून सांगतो, "ते कॅलिबरच लहान पडतं, .३०८ घे." रायफल विकायच्या आधी त्या काडतुसात बुलेट कोणती होती ते बघा. दहातल्या नऊ वेळा घोटाळा तिथेच असतो, असं माझं मत आहे.

एक गोष्ट आधीच. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीबद्दल आहे. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मुळात मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे खरा, पण मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका, वकिलाला विचारा.

कोल्ह्याची बुलेट हरणाला

.२४३ विंचेस्टर १९५५ मध्ये बाजारात आलं ते दुहेरी कामासाठी. .३०८ ची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) घेऊन तिची मान ६ मिलिमीटरवर आवळली आणि त्यात हलकी बुलेट प्रेअरी डॉग (खारीसारखा बिळातला प्राणी)-कोल्ह्यासाठी, जड बुलेट हरणासाठी, अशी विभागणी केली. दुकानात आजही एकाच फळीवर ५५ ग्रेनपासून १०० ग्रेनच्या पुढपर्यंतचे डबे शेजारी शेजारी असतात. (ग्रेन हे वजनाचं माप. १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आत-बाहेर.) नवशिक्याला ५५ ग्रेनच्या डब्यावरचा ३,८०० फूट प्रतिसेकंदाच्या वरचा आकडा दिसतो आणि १०० ग्रेनवरचा २,९६० दिसतो. तो अर्थात पहिला डबा उचलतो.

त्या हलक्या बुलेटचं जॅकेट (शिशावरचं तांब्याचं आवरण) मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. प्रेअरी डॉगला लागली की तिचे तुकडे व्हावेत, जमिनीवर आपटून ती दूर उडू नये, हाच तिचा हेतू. तीच बुलेट हरणाच्या फऱ्यावर बसली की हाडावरच फुटते. बाहेरून जखम बशीएवढी दिसते, आत मात्र दोन-तीन इंच. फुप्फुसापर्यंत काहीच पोचत नाही. जनावर तीन पायांवर झाडीत शिरतं आणि कुठेतरी दोन दिवसांनी मरतं. ज्या शिकाऱ्याला हे चालतं त्याने रायफल हातात धरू नये.

उलटी चूक मॅच बुलेटची, म्हणजे नेमबाजी स्पर्धेच्या बुलेटची. कागदावर तिचा ग्रुप (भोकांचा झुबका) इतका सुंदर येतो की तीच शिकारीला न्यावीशी वाटते. पण टोकाला बारीक भोक असलेली ही बुलेट हवेत स्थिर राहण्यासाठी बनवलेली असते, मांसात उमलण्यासाठी नाही. कधी ती सुईसारखी आरपार जाते, कधी फुटते, आणि काय करेल हे आधी सांगता येत नाही. डब्यावर हरणाचं चित्र किंवा शिकारीसाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तो डबा रेंजवरच संपवा.

वजन बघता, बांधणी बघत नाही

"मग १०० ग्रेन घेतली की झालं" हेही अर्धंच खरं. शिशावर साधं तांब्याचं जॅकेट चढवलेली १०० ग्रेनची बुलेट फऱ्याच्या मागे, बरगड्यांतून गेली तर काम चोख करते. कित्येक दशकं करत आली आहे. अडचण येते ती जवळच्या अंतरावर. लोक ३०० यार्डांवर काय होईल याची काळजी करत बसतात. टेक्सासच्या डोंगराळ हिल कंट्रीत मक्याच्या फीडरसमोर हरीण चाळीस-पन्नास यार्डांवर उभं असतं, आणि तिथे बुलेटचा वेग जवळजवळ नळीतून निघतानाचाच असतो. म्हणजे बुलेटची खरी परीक्षा लांब नाही, जवळ आहे. त्यात हरीण तिरकं उभं असेल तर आधी खांद्याचं हाड.

या परीक्षेसाठीच जॉन नॉस्लर यांची पार्टिशन बुलेट जन्मली. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात एका मूसच्या (प्रचंड हरणाच्या) चिखलाने माखलेल्या जाड कातडीवर त्यांच्या .३०० एच अँड एच रायफलच्या बुलेट फुटल्या. त्यांनी बुलेटच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवली: पुढचा अर्धा भाग उमलतो, मागचा अर्धा शाबूत राहून आत घुसत जातो. १९४८ पासून ती विकली जाते आहे आणि .२४३ साठी आजही मला तिच्या ९५-१०० ग्रेनपेक्षा निर्धास्त पर्याय दिसत नाही. दुसरा मार्ग बाँडेड बुलेटचा, ज्यात शिसं जॅकेटला पक्कं जोडलेलं असतं. तिसरा निव्वळ तांब्याचा. बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये एक्स बुलेट आणली, आता तिच्या पुढच्या पिढ्या मिळतात. तांब्याची बुलेट वजन जवळपास गमावतच नाही, म्हणून ८० ग्रेनचीही हरणाला पुरते. मांसात शिशाचे कण राहत नाहीत हा घरच्यांच्या दृष्टीने मोठा फायदा. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही.

तांब्याची एक अट मात्र लक्षात ठेवा: तिला उमलायला वेग लागतो. लक्ष्यावर पोचताना तो साधारण २,००० फुटांच्या खाली गेला की भरवसा उरत नाही. लहान नळीची रायफल आणि लांबचा पल्ला असेल तर कंपनीने दिलेला किमान वेग तपासून आपली हद्द ठरवा.

.२२ कॅलिबरवाल्यांना वेगळं सांगायला हवं. .२२३ किंवा .२२-२५० ने हरीण मारणं टेक्सासात कायदेशीर आहे, पण कोलोराडोत किमान .२४ कॅलिबर, हरणासाठी किमान ७० ग्रेनची उमलणारी बुलेट आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. इंग्लंडमध्येही मोठ्या हरणांना .२४० च्या खाली परवानगी नाही. राज्य ओलांडताना नियमांचं पुस्तक उघडा. कायदा हो म्हणत असेल तरी .२२ मध्ये ६० ग्रेनची पार्टिशन किंवा तशीच बांधीव बुलेट, शांत उभं जनावर आणि बरगड्यांवर नेम, एवढं जुळलं तरच चाप ओढा.

नळीचा पीळ न मोजता बुलेट विकत घेणं

१९५५ मध्येच रेमिंग्टन कंपनीनेही ६ मिलिमीटरचं .२४४ आणलं होतं, आणि पुंगळीत पावडर जरा जास्तच मावत होती. तरी बाजी मारली विंचेस्टरने. नळीच्या आत बुलेटला गिरकी देणाऱ्या पीळदार खाचा असतात; रेमिंग्टनने त्यांना १२ इंचांत एक फेरा असा सावकाश पीळ दिला होता, जो हलक्या बुलेटला उत्तम. विंचेस्टरने १० इंचांचा दिला. हरणवाल्यांना १०० ग्रेन हवी होती आणि .२४४ ती नीट फिरवणार नाही असा बोभाटा झाला. १९६३ मध्ये रेमिंग्टनने पीळ ९ इंचांचा केला, नाव बदलून ६ एमएम रेमिंग्टन ठेवलं, पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

तीच चूक आज घरोघर होते. जुन्या .२२-२५० ला बहुधा १४ इंचांचा पीळ असतो. त्यात कोणी लांबलचक तांब्याची बुलेट भरतं आणि १०० यार्डांवर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, आडवी खाच पडते. म्हणजे बुलेट कोलांट्या खात गेली. इथे वजनापेक्षा लांबी महत्त्वाची. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४, त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची बुलेट लांब होते आणि तिला जास्त पीळ लागतो.

मोजायला पाच मिनिटं लागतात. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. साफसफाईच्या फिरत्या मुठीच्या काठीला घट्ट बसणारी चिंधी लावून ती नळीत थोडी सारा. काठीवर वरच्या बाजूला पेनाने खूण करा, नळीच्या तोंडापाशी दुसरी. काठी पुढे ढकलत राहा. वरची खूण फिरून पुन्हा वर आली की थांबा. काठी जेवढे इंच आत गेली तेवढा तुमचा पीळ. दोन-तीनदा करा, कारण चिंधी घसरते.

पीळ जास्त असला म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. वेगाला ७२० ने गुणून पिळाच्या इंचांनी भागलं की मिनिटाचे फेरे मिळतात: ३,३०० फूट वेग आणि ८ इंचांचा पीळ म्हणजे २,९७,०००. पातळ जॅकेटची बुलेट एवढ्या गरगरण्याने कधी हवेतच फुटते. कागदावर तिसरी गोळी "गायब" होत असेल आणि वाटेत करडा धूर दिसत असेल तर दुर्बिणीला दोष देऊ नका.

घरी काडतूस भरताना: वेगाचा हव्यास

१९१५ मध्ये सॅव्हेज कंपनीने .२५०-३००० काडतूस काढलं तेव्हा ते घडवणाऱ्या चार्ल्स न्यूटन यांचा कल १०० ग्रेनच्या बुलेटकडे होता. कंपनीने ८७ ग्रेनची घेतली, कारण ३,००० फुटांचा आकडा तिनेच गाठता येत होता आणि जाहिरातीला तो हवा होता. शंभर वर्षांनंतर गॅरेजमध्ये बसून आपण तेच करतो.

पावडरीची वजनं मी इथे देत नाही आणि दुसऱ्या कोणी दिलेली घेऊही नका. बुलेट कंपनीचं चालू पुस्तक उघडा, तुमचीच बुलेट शोधा (त्याच वजनाची दुसऱ्या कंपनीची नव्हे), सुरुवातीच्या आकड्यापासून थोडं थोडं चढवा. .२४३ ची दाबाची कमाल मर्यादा ६०,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आहे. कारखान्याचं काडतूसही तिच्या आसपासच चालतं, तेव्हा "थोडी जागा असेलच" हा समज सोडा.

दाब वाढल्याच्या खुणा कशा दिसतात? गोळी झाडल्यावर बोल्टची मूठ उचलायला जोर लागतो. पुंगळीच्या बुडावर, अक्षरं कोरलेली असतात त्या पितळावर, इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उठतो. प्रायमरच्या (बुडातल्या ठिणगीच्या टोपीच्या) गोलसर कडा सपाट होऊन खाच भरून जाते. पुढच्या वेळी त्याच पुंगळीत नवा प्रायमर विनासायास सरकतो, कारण बूड पसरलेलं असतं. यातलं एकही दिसलं तर तिथेच थांबायचं, कारण या खुणा उशिरा दिसतात. तोवर मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. म्हणून क्रोनोग्राफ (बुलेटचा वेग मोजणारं यंत्र) लागतोच. पुस्तकातल्या कमाल वेगापेक्षा तुमच्या तेवढ्याच लांबीच्या नळीतून जास्त वेग येत असेल तर ती रायफल "फास्ट" नाही, दाब जास्त आहे. आणि मिळतं काय? पन्नास फूट. हरणाला तो फरक कळत नाही.

पावडरीच्या नावांत घोळ होतो. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन वेगळ्या पावडरी आहेत, एकीचा तक्ता दुसरीला लावायचा नाही. ४३५० चंही तेच. टेबलावर एका वेळी एकच डबा.

मुलांसाठी सौम्य लोड (काडतुसाची भरणी) करायचा म्हणून मंद पावडर मनाने कमी करणं ही वरवर निरुपद्रवी दिसणारी, पण सर्वांत घातक चूक. अर्धवट भरलेल्या मंद पावडरीने दाब एकाएकी भलताच वाढून रायफली फुटल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यात .२४३ चं नाव वारंवार येतं. सौम्य लोड हवा असेल तर हॉजडन या पावडर कंपनीने एच ४८९५ या पावडरीसाठी वेगळी रीत दिली आहे, ती जशीच्या तशी पाळा.

पुंगळ्यांबद्दल. .३०८ च्या फुकट मिळालेल्या पुंगळ्या आवळून .२४३ करणारे हौशी आहेत. मान आवळली की तिथलं पितळ जाड होतं, चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) तिला फुलायला जागा उरत नाही, बुलेट सुटत नाही आणि दाब चढतो. मान आतून-बाहेरून छाटून मोजता येत नसेल तर सरळ .२४३ च्या पुंगळ्या विकत घ्या. वापरलेली पुंगळी लांबत जाते, २.०४५ इंचांच्या वर गेली की छाटायची. आणि टोक वाकवलेली पेपरक्लिप आतून बुडाजवळ फिरवून बघा. टोक एखाद्या खाचेत अडकलं तर तिथे पितळ पातळ झालंय, पुढच्या वेळी पुंगळी तुटेल. फेकून द्या.

टेक्सासच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली काडतुसंही दाब वाढवतात. जानेवारीत कमाल मर्यादेवर ठरवलेला लोड ऑगस्टमध्ये डुकरांवर झाडला आणि बोल्ट अडकला, हा प्रकार नेहमीचा.

ग्रुप अचानक फाटला तर

लोड बदलायच्या आधी दुर्बिणीच्या माउंटचे आणि दस्त्याचे स्क्रू बघा. मग नळी गार होऊ द्या. शिकारीची पातळ नळी तीन-चार गोळ्यांत तापते आणि ग्रुप सरकतो. शिशाच्या बुलेटवरून तांब्याच्या बुलेटवर आला असाल तर नळी आधी नीट साफ करा आणि तांब्याची बुलेट रायफलिंगपासून (नळीतल्या पीळदार खाचांपासून) साधारण ०.०५ इंच मागे बसवून सुरुवात करा. हे सगळं करूनही जमेना आणि रायफल जुनी असेल तर घसा (चेंबरच्या लगेच पुढचा नळीचा भाग) जळला आहे का ते गनस्मिथला बोअरस्कोपने (नळीत घालायच्या छोट्या कॅमेऱ्याने) बघू द्या. वेगवान लहान कॅलिबर नळी लवकर खातात, .२४३ त्याला अपवाद नाही.

सीझनआधी ठरवलेल्या लोडचं प्रत्येक काडतूस रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला धरून, मॅगझिनमधून चेंबरमध्ये घेऊन बाहेर काढा. एखादं अडतं. ते फीडरसमोर अडण्यापेक्षा इथे अडलेलं बरं. डब्यावर बुलेट, पावडर, वजन, प्रायमर आणि तारीख लिहा. नुसतं "हरीण" लिहिलेल्या डब्यातलं काडतूस पुढच्या वर्षी झाडू नका.