मोशन कंट्रोलचा गेम घेण्याआधी खोली मोजा

दुकानात येऊन कोणी विचारलं, "भाऊ, हात हलवून खेळायचा तो गेम कोणता घेऊ?" की मी उलट विचारतो, "घरात कापूस कुठी भरता?" समोरचा आधी हसतो. पण आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात या प्रश्नावरच सगळं ठरतं. दसऱ्याच्या पुढेमागे वेचणी सुरू होते आणि भाव चढायची वाट पाहत कापूस बैठकीतच रचला जातो. कोणी संक्रांतीपर्यंत थांबतं, कोणी होळीपर्यंत. तेवढे महिने टीव्हीसमोर उरते ती चार-पाच फुटांची गल्ली. कॅमेऱ्यावर चालणारा गेम त्या गल्लीत चालेल की नाही, हे डब्यावरचं चित्र सांगत नाही. म्हणून खालच्या क्रमाने जा, पैसे सगळ्यात शेवटी काढा.

पहिलं काम: टेप काढा

टीव्हीच्या टेबलाच्या पुढच्या काठापासून समोरच्या भिंतीपर्यंत मोजा. मधे दिवाण किंवा बाज असेल तर तिथपर्यंतच. मग सीझनमध्ये कापूस जिथवर येतो तिथे खडूने रेघ मारा आणि दुसरं माप घ्या. दोन्हींपैकी लहान आकडा कागदावर लिहा. पुढची सगळी निवड त्या आकड्यावर होणार आहे.

दुसरं काम: डोळा कुठे आहे ते ओळखा

गिऱ्हाइकाच्या तोंडी सगळे "कॅमेऱ्याचे गेम" असतात. पण कोणात कॅमेरा टीव्हीपाशी असतो, कोणात तुमच्या हातात, आणि तो बघतो काय हेही प्रत्येकात वेगळं.

सगळ्यात साधा म्हणजे प्लेस्टेशन २ या कन्सोलचा (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचा) आयटॉय, २००३ सालचा. हा एक वेबकॅमच. आधीचं चित्र आणि आताचं चित्र यांत काय बदललं तेवढंच तो पाहतो. जिथे बदल तिथे हात, असा त्याचा हिशोब. कोण जवळ, कोण लांब, याचा त्याला पत्ता नसतो. त्यामुळे कूलरच्या वाऱ्याने पडदा फडफडला तरी पॉइंट मिळतात. पोट्ट्यांना ते फार आवडतं, पण त्याला खेळ म्हणवत नाही.

प्लेस्टेशन ३ चा मूव्ह २०१० मध्ये आला. हातात दांडी, दांडीच्या टोकावर पेटणारा रबरी गोळा. टीव्हीजवळचा कॅमेरा फक्त तो रंगीत गोळा शोधतो. गोळ्याचं खरं माप कन्सोलला ठाऊक असतं, म्हणून चित्रात गोळा लहान दिसला की माणूस मागे गेला, मोठा दिसला की पुढे आला. मनगट किती वळलं ते दांडीतले सेन्सर सांगतात. खोलीतल्या रंगांत उठून दिसेल असा रंग कन्सोल स्वतःच निवडतो. या कॅमेऱ्याची एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही: भिंगाची कडा फिरवली की दृष्टी ५६ अंशांवरून ७५ अंशांवर जाते. अरुंद खोलीत निळ्या खुणेवर, म्हणजे ७५ वर ठेवा.

निन्टेन्डो कंपनीच्या वी या कन्सोलने २००६ मध्ये हिशोबच उलटा केला. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला म्हणतात सेन्सर बार, पण तिच्यात सेन्सर नाहीच. दोन्ही टोकांना डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे आहेत, बस. कॅमेरा आहे रिमोटच्या तोंडाशी. तो दोन ठिपके पाहतो आणि ते किती जवळजवळ दिसतात त्यावरून अंतर काढतो. एका गिऱ्हाइकाची ती पट्टी उंदराने कुरतडली होती. मी टीव्हीखाली वीतभर अंतरावर दोन पणत्या लावल्या आणि बाण पडद्यावर सरळ फिरायला लागला. ज्योतीतही इन्फ्रारेड असतंच. (बाजूला कापूस असेल तर हा प्रयोग करू नका, हे वेगळं सांगायला नको.) बोलिंगचा हात फिरवताना मात्र पट्टी लागतच नाही, ते काम रिमोटमधल्या ॲक्सेलेरोमीटरचं, म्हणजे हाताचा झटका टिपणाऱ्या सेन्सरचं.

आणि चौथा कायनेक्ट. हातात काहीच नाही, तुमचं अंगच रिमोट. याचे दोन प्रकार आहेत आणि जुन्या मालात दोन्ही एकाच नावाने विकले जातात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलचा २०१० चा कायनेक्ट खोलीभर इन्फ्रारेड ठिपके फेकतो. चाळणीतून बॅटरीचा उजेड भिंतीवर पाडा, मधे तळहात धरा आणि बाजूने पाहा: हातावरचे ठिपके सरकलेले दिसतात. किती सरकले यावरून तो अंतर काढतो. २०१३ चा एक्सबॉक्स वनचा कायनेक्ट प्रकाश सोडून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. विहिरीत हाक मारल्यासारखं: पाणी खोल तर आवाज उशिरा. जुना २० सांधे ओळखतो, नवा २५. जुना खोलीत सहा माणसं ओळखतो, पण एका वेळी खेळू देतो दोघांनाच. नव्यात सहाही जणांचे हातपाय दिसतात.

तिसरं काम: कागदावरचा आकडा लावून पाहा

जुन्या कायनेक्टची दृष्टी आडवी ५७ अंश आणि उभी ४३. हिशोब केला तर सहा फुटांवर त्याला उंचीत जेमतेम पावणेपाच फूट दिसतं, आठ फुटांवर सव्वासहा. म्हणजे उंच माणसाने हात वर केले की पंजे चित्राबाहेर. मोटरने तो मान वर-खाली करतो, पण दृष्टी रुंद होत नाही. त्याला एकटा खेळणार असेल तर समोर सहा फूट, दोघे असतील तर आठ फूट मोकळी जागा हवी. नव्याची उभी दृष्टी ६० अंश, त्याला सहा फुटांवरच जवळपास सात फूट दिसतं.

माझा नियम असा आहे: लहान आकडा आठच्या वर असेल तर जुना कायनेक्ट चालेल. सहा ते आठमध्ये नवा. सहाच्या आत असेल तर कायनेक्टचं नाव सोडा आणि वी किंवा मूव्ह बघा. पाच फुटांत वी मी स्वतः चालवून पाहिला आहे, मागे कापसाला पाठ टेकवून.

चौथं काम: ज्या वेळेला खेळणार त्या वेळेचा उजेड बघा

याच्यावर लोक अजिबात लक्ष देत नाहीत. कायनेक्टचा उजेड स्वतःचा असतो, पण सूर्यापुढे तो काहीच नाही. पश्चिमेच्या खिडकीतून चारचं ऊन जमिनीवर पडलं की त्या पट्ट्यात उभ्या माणसाचे पायच गायब होतात. अंगणात किंवा मांडवात भरदिवसा लावायचा विचार तर करूच नका. उलट आपल्याकडचा मे महिना त्याला मानवतो. दारं-खिडक्या बंद, कूलर सुरू, खोलीत अंधार. कायनेक्टला शंभर टक्के अंधारातही अंग दिसतं. त्याच खोलीत आयटॉय लाल दिवा मिचकावून "उजेड कमी" म्हणत बसतो. मूव्हचा गोळा स्वतः पेटतो म्हणून अंधारात छान, पण कॅमेऱ्यासमोर, म्हणजे खेळणाऱ्याच्या पाठीमागे, उघडं दार नको.

वीचं दुखणं वेगळं. आमच्याच घरी संध्याकाळी सहाच्या सुमारास बाण वेड्यासारखा उडायचा. आठवडाभर रिमोटचे सेल बदलत बसलो. मग एक दिवस आईने देवापुढे दिवा लावला आणि त्याच क्षणी बाण कोपऱ्यात गेला. देवघर टीव्हीला लागून आहे! रिमोटला दोनाऐवजी तीन ठिपके दिसत होते. पिवळा बल्ब किंवा समोर दिसणारी चूलही हाच घोळ घालते. देव हलवला नाही, टीव्ही हलवला.

पाचवं काम: खेळणार कोण ते ठरवा

कायनेक्टला माणसाच्या अंगाचा अंदाज शिकवला आहे: हे डोकं, हा खांदा, हा गुडघा. लुगडं नेसलेल्या आमच्या आजीला त्याने पडद्यावर असं काही वाकवलं की ती म्हणाली, "माहे पाय कुठी गेले रे पोट्ट्या?" सैल कपड्यात दोन पाय वेगळे दिसत नाहीत, त्याला कन्सोल काय करणार. काळं कापड इन्फ्रारेड पिऊन टाकतं, तेही टाळलेलं बरं. घरातली म्हातारी माणसं बसून खेळणार असतील तर वी घ्या. बाजेवर बसूनही बोलिंग होते आणि कपड्यांचा प्रश्नच येत नाही.

लहान मुलांची गर्दी असेल तर मात्र मला कायनेक्टच पसंत आहे. हातातून सुटून टीव्हीवर आदळेल असं त्यात काही नाही.

सहावं काम: जुना माल तपासून घ्या

मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये कायनेक्ट बनवणं थांबवलं. त्यामुळे तुम्हाला मिळेल तो वापरलेलाच. मी पहिला घेतला तेव्हा फसलो. नागपूरच्या एका दुकानातून आणला, घरी आल्यावर कळलं की वायरचं टोक माझ्या जुन्या, जाड एक्सबॉक्स ३६० मध्ये जातच नाही. त्याला भिंतीत लावायचा वेगळा अडॅप्टर लागतो आणि दुकानदाराने तो दिलाच नव्हता. नंतरच्या सडपातळ ३६० ला सरळ बसतो. एक्सबॉक्स वन एस आणि वन एक्सलाही वेगळा अडॅप्टर हवा. एक्सबॉक्स सिरीज एस किंवा एक्स असेल तर कायनेक्ट चालतच नाही, कोणी काहीही सांगो.

इन्फ्रारेड जिवंत आहे का ते खिशातल्या मोबाइलने बघा. आधी टीव्हीचा रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर दाबा. पडद्यावर जांभळट ठिणगी दिसली तर तुमचा कॅमेरा इन्फ्रारेड पाहतो. मग तोच वीच्या पट्टीसमोर धरा, दोन्ही टोकं पेटलेली दिसली पाहिजेत. जुन्या कायनेक्टची मान हाताने कधीच वळवू नका, आतली मोटर तुटते. विकणाऱ्याने तुमच्यासमोर तशी वळवून दाखवली तर सौदा तिथेच सोडा.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेला कन्सोल असेल तर अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० च्या लाइनीत तो लावायचा नाही.

सगळं जुळलं की कॅमेरा टीव्हीच्या बरोबर मधे ठेवा. कायनेक्ट असेल तर जमिनीपासून दोन ते सहा फूट उंच, आणि मूव्ह असेल तर हलणार नाही असा पक्का. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड सुरू करा, नाहीतर हात आधी आणि चित्र मागून असं होतं. मग एकाला खेळायला उभं करून तो नीट दिसतो तिथे रांगोळीचा चौकोन काढा. बघणारी पोट्टी त्या चौकोनाबाहेर, कापसावर.