जावास्क्रिप्टची डेट: नवीन पोरांनी आधी हे वाचा
लातूर, नांदेड, परभणीकडून पुण्यात पहिल्या जॉबला जाणाऱ्यांसाठी लिहितोय. व्हेरिएबल, फंक्शन, ऑब्जेक्ट येतं असं धरतो. बाकीचं कामावर शिकता येतं, पण तारीख-वेळ सांभाळणारा डेट क्लास आधी स्वतः ब्राउझरच्या कन्सोलवर चालवून बघा, ह्यानं माझी झोप लई खाल्ली.

आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनच घ्या, १७ सप्टेंबर १९४८. न्यू डेट(१९४८, ९, १७) केलं की १७ ऑक्टोबर येतो, कारण महिने शून्यापासून, तारीख मात्र एकपासून. कामून? कारण १९९५ला जावा ह्या दुसऱ्या भाषेची डेट जशीच्या तशी उचलली. जावानं त्यातलं बरंच १९९७ला डेप्रिकेट (म्हणजे 'आता वापरू नका') करून टाकलं, इथं जुन्या साईट मोडतील म्हणून तसंच राहिलं. बरं नुसतं १९४८ दिलं तर? तेव्हा ते वर्ष नाहीच, १९७०च्या सुरुवातीपासून यूटीसीत (जगाची प्रमाण वेळ, आपण तिच्या साडेपाच तास पुढं) मोजलेले मिलिसेकंद! म्हणजे १ जानेवारी १९७०, आपल्याकडं पहाटेचे साडेपाच. सोबत महिना दिला की तोच आकडा परत वर्ष होतो. ४८ दिलं तरी १९४८, पण २४ दिलं तर १९२४. आणि ३१ सप्टेंबर दिला तर एरर नाही, गुपचूप १ ऑक्टोबर.

खरा घात स्ट्रिंगमध्ये. '१९४८-०९-१७' एवढंच लिहिलं तर यूटीसी धरतो, त्यालाच पुढं टी००:०० जोडलं की लोकल, म्हणजे आपल्या मशीनची वेळ. आपल्याकडं पहिल्यात साडेपाच वाजलेले दिसतात, तारीख तीच राहते म्हणून कुणाला काही कळत नाही, अमेरिकेतल्या क्लायंटला मात्र १६ दिसते. उलट १७ची लोकल मध्यरात्र टू-आयएसओ-स्ट्रिंगनं (डेटची यूटीसीतली स्ट्रिंग करणारं फंक्शन) सेव्ह केली की १६ तारीख, १८:३० होतं. माझ्या पहिल्या ऑफिसात सुट्ट्यांच्या यादीत हेच चाललेलं आणि सिनियर म्हणायचे, एक दिवस प्लस कर आणि मोकळा हो. असल्या सिनियरचं अजिबात ऐकू नका राव, प्लस वन केलेला कोड दुसऱ्या टाइमझोनमध्ये फुटतोच. सुट्टी, जन्मतारीख असलं काही असेल तर स्ट्रिंग म्हणूनच ठेवा, डेटमध्ये घालूच नका. क्रॅश कोर्सवाले हे सांगत नाहीत, त्यांना टू-डू लिस्टचं सरावाचं ॲप संपवायचं असतं.

घाबरू नका पण, डोकं तुमचं ठीक आहे, क्लासच तसा आहे. टेम्पोरल नावाचं नवीन एपीआय (डेटच्या जागी वापरायची तयार सोय) आलंय, त्यात महिने एकपासून आणि टाइमझोन नसलेली साधी तारीखही आहे, फक्त ब्राउझर सपोर्ट बघून वापरा. आणि हो, न्यू न लावता डेट(१९४८, ८, १७) करून बघा, आत काहीही द्या, आत्ताचीच वेळ स्ट्रिंगमध्ये येते.