नोंद चटकन सापडेल असं नाव द्या

मोबाइलमधल्या नोंदींच्या अ‍ॅपात ‘शेती’, ‘शेती नवीन’, ‘इतर’ अशी नावं असली की ऐन फवारणीच्या दिवशी मागच्या हंगामातलं औषधाचं प्रमाण सापडत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांसाठी ही पद्धत कामाची आहे.

१. संग्रहाला (नोंदींच्या फोल्डरला) पिकाचं नको, कामाचं नाव द्या. ‘द्राक्ष’ म्हटलं की त्यात खताची बिलंही जातात आणि व्यापाऱ्याचा हिशेबही. त्यापेक्षा ‘खरड छाटणी’, ‘गोडी छाटणी’, ‘मजुरी’, ‘माल विक्री’. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी वेगळी ठेवली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

२. नोंदीचं शीर्षक तारखेने सुरू करा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. उदाहरणार्थ, ‘२०२५-१०-०८ विहिरीचा प्लॉट, थॉमसन, पेस्ट लावली’ (थॉमसन ही द्राक्षाची जात; पेस्ट म्हणजे छाटणीनंतर डोळ्यांना लावतात ती). नावानुसार क्रम लावला की सगळं तारीखवार बसतं. एक आकडी महिन्याआधी शून्य हवंच, नाहीतर बऱ्याच अ‍ॅपांत ऑक्टोबर फेब्रुवारीच्या आधी येतो.

३. प्लॉटचं नाव घरात बोलतात तेच लिहा. घाईत गट नंबर कुणालाच आठवत नाही.

ऑब्सिडियनसारख्या अ‍ॅपात प्रत्येक नोंद म्हणजे एक फाइल असते. तिथे नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून तारखेत आडवी रेघच वापरा.

एक काळजी घ्या: आकडे मराठी किंवा इंग्रजी, एकाच लिपीत ठेवा. मिसळले तर क्रमही बिघडतो आणि शोधताना अर्ध्या नोंदी दिसतच नाहीत. घरातली सगळी अ‍ॅपातली एकच वही वापरत असतील तर हे आधीच ठरवून घ्या.