समुद्री पवनऊर्जेची जागा निवडताना: आधी पावसाळा मोजा

सुरुवात मोफत माहितीने करा. ग्लोबल विंड ॲटलासवरून १५० मीटर उंचीवरचा सरासरी वारा आणि गेब्को या जगभरच्या समुद्रतळाच्या नकाशावरून समुद्राची खोली घ्या, दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवा. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते, सेकंदाला ७.५ आणि १० मीटर या वेगांत ती जवळपास २.४ पट होते. (टर्बाइन क्षमतेला पोचली की वीज वाढत नाही, म्हणून प्रत्यक्ष विजेतला फरक याहून कमी.) साधारण ३०-४० मीटर खोलीपर्यंत एका पोलादी खांबाचा पाया चालतो, ६० मीटरपर्यंत जॅकेट (अनेक पायांचा जाळीदार पोलादी सांगाडा), त्यापुढे तरंगता पाया, आणि तो महाग पडतो.

मग जहाजांचे मार्ग, तेल-वायूच्या वाहिन्या, नौदलाची क्षेत्रं, मन्नारच्या आखातातलं प्रवाळांचं राष्ट्रीय उद्यान वगळा. डोल जाळी (समुद्रात एका जागी रोवलेली पिशवीसारखी जाळी) कुठे लागतात हे मच्छीमारांना याच टप्प्यावर विचारा. आखणी पक्की झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

उरलेल्या जागी लायडार (लेसरने उंचावरचा वारा मोजणारं उपकरण) लावून किमान सलग १२ महिने मोजणी हवी. गुजरातेत खंभातच्या आखातात, पिपावाव बंदरापासून सुमारे २३ किलोमीटरवर, राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने २०१७ मध्ये असा लायडार बसवला. पश्चिम किनाऱ्यावर खरी अडचण पावसाळ्याची. जून-जुलैत वारा सर्वांत जोरात असतो, आणि नोंदीही तेव्हाच तुटतात. लायडार हवेतल्या सूक्ष्म कणांवरून परतणारा प्रकाश वाचतो. मुसळधार पावसात, ढग खाली उतरले की वाचन गळतं. ढगाळ दिवसांत सौर पॅनेलवरची बॅटरी उतरते आणि खवळलेल्या समुद्रात दुरुस्तीची बोट जाऊ शकत नाही. म्हणून ‘वर्षाच्या ९० टक्के नोंदी मिळाल्या’ एवढ्यावर थांबू नका. राहिलेले ३६ दिवस सगळे जून-जुलैचे असतील तर चांगली जागाही कमजोर दिसेल. नोंदींची उपलब्धता महिन्यागणिक लिहा, मे संपायच्या आत उपकरण तपासा, विजेची दुसरी सोय ठेवा.

एका वर्षाचा वारा म्हणजे दीर्घकाळाचा वारा नव्हे. तुमच्या नोंदी ईआरए-५ च्या (जगभरच्या जुन्या हवामानाची संगणकाने पुन्हा मांडलेली नोंद) किमान २० वर्षांच्या मालिकेशी ताडून पाहा, तेही ऋतूनुसार. तिच्या नकाशातली एकेक चौकट सुमारे ३१ किलोमीटरची आहे, त्यामुळे किनाऱ्याजवळ जमीन आणि पाणी एकाच चौकटीत मिसळतं. तिथे तिचे आकडे थेट वापरू नका. एकूण अनिश्चितता १० टक्के असेल तर ९० टक्के खात्रीचं उत्पादन मधल्या अंदाजाच्या सुमारे ८७ टक्केच धरा. कर्जाचं गणित याच आकड्यावर बसवावं.

टर्बाइनमधलं अंतर पात्याच्या वर्तुळाच्या व्यासाच्या ७-८ पट ठेवा, मुख्य वाऱ्याच्या दिशेने जास्त. नाहीतर मागच्या रांगेला पुढच्या रांगेचा थकलेला वारा मिळतो.

खंभातमध्ये मऊ गाळ आणि भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह आहेत. खांबाच्या बुडाशी माती खरवडली जाते, तेव्हा बोअरहोल घेतल्याशिवाय पायाचा प्रकार ठरवू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ दीव-ऊना भागात किनाऱ्याला धडकलं, म्हणजे याच पट्ट्याशेजारी. इथे टर्बाइन चक्रीवादळासाठीच्या ‘टी’ वर्गातलीच मागा. त्या वर्गात वाऱ्याचा संदर्भ वेग (५० वर्षांत एकदा येईल असा, १० मिनिटांच्या सरासरीचा वेग) सेकंदाला ५७ मीटर धरलेला असतो.