हत्तींच्या मागे कोण उभं आहे, ते आधी बघा

मागच्या वेळी लॅपटॉपवरच्या लढाईत माझ्या सेनापतीला माझ्याच हत्तींनी तुडवलं. दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, विक्रोळीच्या त्याच्या हॉलमध्ये पलंगावर मांडी घालून ते बघत होता. ताकाचा पेला खाली ठेवून त्याने विचारलं, "मी काही करायचं बाकी आहे का रे?" बाकी काही नव्हतं. दादाकडे रोमन सैन्य होतं, आणि रोमन लोकांत एक म्हण होती, 'गोष्ट त्रिआरींपर्यंत आली', म्हणजे पाणी गळ्याशी आलं. त्रिआरी म्हणजे मुरलेले भालाईत. सगळ्यात मागे गुडघा टेकून बसायचे आणि पुढच्या दोन्ही रांगांचं काही खरं नाही असं दिसलं तरच उठायचे. दादाचे त्रिआरी त्या दिवशी उठलेच नाहीत.

आम्ही 'रोम: टोटल वॉर' खेळतो. २००४चा गेम, दोघांच्या जुन्या लॅपटॉपवर तोच धड चालतो. चिठ्ठ्या टाकायच्या, एकाने भरलेल्या थैलीने रोमन सैन्य घ्यायचं, दुसऱ्याने त्याच्या दोन तृतीयांश पैशांत कार्थेज, म्हणजे रोमचं उत्तर आफ्रिकेतलं वैरी राज्य, चालवायचं. येत्या शनिवारची चिठ्ठीही कार्थेजचीच निघाली आहे, माझ्याच नशिबात. म्हणून ही यादी. तुमच्याही वाट्याला असं अर्धपोटी सैन्य येत असेल तर घ्या उपयोगाला.

चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, माऊस. टचपॅडवर लढाई होत नाही, वाद नको. जेवून बसा. समोर हाडामासाचा माणूस असला की पॉजची सोय नसते, आणि आत्या बरोबर हातघाईच्या वेळी "ताटं घेतलीत का?" म्हणून येते.

आता खरेदी. वीस युनिटांची, म्हणजे तुकड्यांची, जागा असते म्हणून वीसच्या वीस भरायची नसतात. कमी पैशांत वीस भरली की पंधरा युनिटं नुसती पळायला घेतल्यासारखी होतात. पायदळातली तीन-चार युनिटं खरी टिकणारी घ्या, बाकीची स्वस्त चालतील. गोफणदार घ्याच. कार्थेजच्या पदरी बालेआरिक बेटांवरचे भाडोत्री गोफणदार असत, ते काही हौसेने नव्हे. घोडदळ तुम्हाला वाटतं त्यापेक्षा एक युनिट जास्त घ्या. हत्ती घेऊच नका असं सांगणार होतो, पण सांगून कोण ऐकतं? पडद्यावर तो हत्ती दिसला की बोट आपोआप तिकडे जातं, माझंही जाणार आहे. तर दोन. मागच्या वेळी मी तीन घेतले होते आणि त्या पैशांपायी घोडदळ एकावर आणून ठेवलं होतं.

मैदान दिसल्यावर उंचवटा शोधा. चढावर धावत आलेला शत्रू दमतो, तुमचे दगड-बाण लांब जातात, हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे चला. एक गोष्ट मात्र सांगतो. नकाशाच्या कोपऱ्यात पाठ लावून बसायचा मोह होतो, कारण तिथे बगलेला कोणी येऊ शकत नाही. दादा याला रडीचा डाव म्हणतो. म्हणू दे, हरण्यापेक्षा रडी बरी. पण हत्ती बरोबर असतील तर कोपरा नाही म्हणजे नाही. कारण कोपऱ्यात मागे जागा नसते.

इथे थांबा आणि नीट वाचा. हत्तींच्या मागे कोण उभं आहे?

मागच्या वेळी मी काय केलं होतं ते सांगतो. मध्यभागी तीन हत्ती युनिटं, त्यांच्या पाठीला चिकटून भालाईतांची लांब रांग, आणि रांगेच्या मधोमध, हत्तींची मजा नीट दिसावी म्हणून, सेनापती. दिसायला काय सुंदर होतं! दादाने त्याचे वेलाइट पुढे सोडले. हे भालाफेके दिसायला पोरसवदा असतात, पण हत्तींचे खरे वैरी तेच. दोन फेऱ्या बसल्या आणि मधला हत्ती बिथरला. बिथरलेला हत्ती शत्रूकडे जात नाही. शत्रूकडून तर भाले येतात, तिकडे तो का जाईल? तो वळतो आणि मागे येतो, आणि मागे मी सगळं घरदार मांडून ठेवलेलं.

दादर स्टेशनला संध्याकाळी गाडीच्या दारात आडवे उभे राहून बघा. उतरणारे तुमच्यावर रागावलेले नसतात, त्यांना फक्त बाहेर पडायचं असतं. बिथरलेला हत्ती तेवढाच निरागस असतो.

ही चूक माझी एकट्याची नाही, एवढाच काय तो दिलासा. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाने सुमारे २०० हत्ती ओळीने पुढे लावले आणि पायदळ त्यांच्या पाठीमागे. अलेक्झांडरच्या लोकांनी माहुतांना टिपलं, हत्तींना जखमा केल्या. ग्रीक वृत्तांतांत लिहिलं आहे की हत्ती समोर आले की मॅसिडोनियन बाजूला व्हायचे, कारण त्यांच्या मागे मोकळं रान होतं. पोरसाचे सैनिक हत्तींमध्येच कोंडले गेले होते, त्यांना सरकायला जागा नव्हती, आणि जास्तीत जास्त तेच चिरडले गेले. शेवटी दमलेले हत्ती, वल्ही उलटी मारत जहाज मागे न्यावं तसे, तोंड शत्रूकडे ठेवून मागे सरकत गेले. हे मी माझ्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये वाचलं. आदल्या दिवशी वाचायला हवं होतं.

झामा, इ.स.पू. २०२. कार्थेजचा सेनापती हॅनिबल, त्याच्याकडे ८० पेक्षा जास्त हत्ती. रोमच्या स्किपिओने आपल्या तुकड्यांमध्ये सरळ गल्ल्या सोडल्या आणि त्यांत वेलाइट उभे केले. तुताऱ्या-कर्णे वाजले, काही हत्ती गल्ल्यांतून आरपार निघून गेले आणि काही दचकून उलटे फिरले ते हॅनिबलच्याच घोडदळात. गल्ली स्किपिओने सोडली होती, बघा. ज्याच्याकडे हत्ती नव्हते त्याने जागा सोडली. आणि मी, ज्याच्याकडे तीन युनिटं हत्ती, त्याने सुई शिरेल एवढीही नाही.

मग हत्ती लावायचे कुठे? मध्ये नाही. बगलेला, शत्रूच्या घोडदळासमोर. हत्तींची सवय नसलेले घोडे त्यांच्या जवळ जायला बघत नाहीत, हे इतिहासात खरं आहे आणि गेममध्येही. अलेक्झांडरनंतर त्याचे सरदार आपसात लढले, त्यांतल्या इ.स.पू. ३०१च्या इप्ससच्या लढाईत डेमेट्रियस आपलं घोडदळ घेऊन पाठलागाला गेला. परत यायला निघाला तर शत्रूपक्षाच्या सेल्युकसने मध्ये हत्ती आडवे घातलेले. ते हत्ती चंद्रगुप्त मौर्याकडून तहात मिळालेले. डेमेट्रियस परत येऊ शकला नाही, त्याचा बाप अँटिगोनस तिकडे एकटा पडला आणि मेला. म्हणजे हत्तीचा उपयोग धडक मारायला कमी आणि भिंत म्हणून जास्त. भिंत करा. आणि भिंतीच्या मागे? मोकळं. पायदळाची रांग जिथे संपते त्याच्या बरीच बाहेर हत्ती, आणि त्यांच्या मागे नकाशाच्या कडेपर्यंत गवत. एकही युनिट नाही. गोफणदारसुद्धा नाहीत. सेनापती तर नाहीच नाही.

मुंबईत मला असा एकच हत्ती माहीत आहे ज्याच्या मागे निर्धास्त उभं राहता येतं, राणीच्या बागेतला दगडी. घारापुरीहून आणलेला. तोही हलवताना फुटला होता, पण त्याने कोणाला तुडवलं नाही.

याच कलमाचा दुसरा भाग, तोही मी विसरलो होतो. हॅनिबलचा भाऊ हास्द्रुबाल इ.स.पू. २०७ मध्ये मेतौरसला लढला, तेव्हा त्याच्या माहुतांकडे छिन्नी आणि हातोडी होती. हत्ती आपल्याच लोकांवर उलटला की मानेच्या सांध्यावर छिन्नी ठेवायची आणि घाव घालायचा. त्या लढाईत शत्रूपेक्षा स्वतःच्या माहुतांनीच जास्त हत्ती मारले असं लिहून ठेवलं आहे. गेममध्ये हे आहे! हत्ती बिथरले की त्या युनिटची खास आज्ञा म्हणजे तीच छिन्नी. मला ती आठवली तेव्हा सेनापती पडून गेला होता. हत्तींना वेगळा नंबर द्या, दुसऱ्या कोणाबरोबर गट करू नका, म्हणजे एका बटणावर ते हातात येतील. जीव तुटतो, पैसे गेलेले दिसतात, तरी दाबा. 'अजून जरा बघू, सावरतील' असं म्हणू नका. सावरत नाहीत.

बरं, राखीव. कमी सैन्य असलं की सगळं पुढे लावावंसं वाटतं. रोमन लोकांच्या आपसातल्या युद्धात, इ.स.पू. ४८ मध्ये, फार्सालसला सीझरकडे त्याच्याच हिशेबाने २२,००० पायदळ होतं आणि त्याचा प्रतिस्पर्धी पाँपीकडे ४५,०००. घोडेस्वार हजाराच्या समोर सात हजार. तरी सीझरने तिसऱ्या रांगेतून काही तुकड्या काढून उजव्या बगलेमागे एक चौथी रांग लपवली. पाँपीचं घोडदळ सीझरच्या घोडदळाला रेटून पुढे आलं ते थेट त्या रांगेवर, आणि तिथून पळालं. तेव्हा दोन युनिटं मागे ठेवाच. कुठे मागे? हत्तींच्या नाही! दुसऱ्या बाजूच्या बगलेमागे.

कॅनी करायला जाऊ नका, म्हणजे हॅनिबलने रोमनांना आत घेऊन घेरलं तसं. ज्याने या लढाईचा व्हिडिओ पाहिला आहे तो प्रत्येक जण कॅनी करायला जातो. हॅनिबल तिथे माणसांत कमी होता, पण घोडदळ त्याचं मोठं होतं, सुमारे १०,००० विरुद्ध ६,०००. तुमचं आहे का? मग मध्य वाकवून शत्रूला आत घेतलात तर तो आत येईल आणि तिथेच राहील. त्यापेक्षा ल्यूक्ट्रा बरी, इ.स.पू. ३७१. ग्रीसमधल्या थीब्जच्या एपामिनोंडासने डावी बाजू ५० माणसं खोल केली, स्पार्टाची खोली होती १२, आणि आपली कमजोर उजवी बाजू तिरकी मागे ठेवली, म्हणजे तिला लढायची वेळ उशिरा यावी. गरिबाला परवडणारा डाव हाच. एका बाजूला वजन, दुसरी बाजू तिरकी मागे, त्या तिरक्या बाजूच्या टोकाला हत्ती. आणि हत्तींच्या मागे, सांगा बघू? शाबास.

सुरू करण्याआधी बटणं तपासा. भालाईतांना जागा न सोडण्याची आज्ञा, नाहीतर पळणाऱ्या चार जणांमागे अख्खी रांग धावत जाते. गोफणदारांना आपोआप मागे सरकू द्यायचं की नाही ते ठरवा. ते सरकतात आणि बरोबर नको तिथे जाऊन उभे राहतात. नको तिथे म्हणजे कुठे, ते आता मी सांगणार नाही. सेनापती कुठे आहे ते झूम करून बघा, मागच्या वेळी मी त्याला हौसेने हत्तींच्या सावलीत उभं केलं आणि धोका मला दिसला नव्हता.

सुरू झाल्यावर धावू नका. येऊ द्या. दगड टाका. त्याचे वेलाइट पुढे आले की तुमचं घोडदळ आधी त्यांच्यावर घाला, बाकी काही नंतर. त्याने धनुर्धारी घेऊन पेटते बाण सुरू केले तर तेही आधी, कारण आग आणि हत्ती जमत नाही. दादाने एकदा पेटती डुकरंसुद्धा सोडली होती, मेगाराच्या वेढ्यात खरोखर वापरली होती म्हणे, मग तीन दिवस तेच सांगत होता.

भिडल्यावर राखीव लगेच टाकू नका. मोजा. वजनाच्या बाजूला त्याचं एखादं युनिट डळमळलं की टाका, आपल्या सेनापतीला त्याच्या पाठीवर घाला पण लढाईत घुसवून ठेवू नका, मेला तर सगळे पळतात. एक पळालं की शेजारचं बघा. पाठलाग घोडदळानेच. पायदळ जागेवर.

हरत असाल तर पळणाऱ्यांना बोलवत बसू नका, जे उभे आहेत त्यांना उंचवट्यावर घ्या. जिंकलात तर दादाला चहा तुम्ही करा, पद्धत आहे. शेवटची गाडी बघून ठेवा.

आणि माऊसचे सेल.